आधी निवेदन, मग सत्कार

माणूस गेला की त्याच्याशी असलेले सगळे वाद मिटतात. तुझ्या शोकसभेत अध्यक्षांनी हे वाक्य डोळे मिटून, सावकाश उच्चारलं आणि सभागृहातल्या सगळ्यांबरोबर मीही मान हलवली. घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं, की आपला वाद काही मिटलेला नाही. शेवटचं बोलणं तुझं झालं होतं, माझं उत्तर तयार होतं, आणि तू ते ऐकायला थांबला नाहीस. नागेश, याला वाद मिटणं म्हणत नाहीत. याला मधूनच उठून जाणं म्हणतात.

शोकसभेचं सांगतो, कारण तुला ती आवडली असती. अशा सभांना आपण कायम मागच्या रांगेत बसायचो आणि तू माझ्या कानाशी लागून हळू आवाजात समालोचन करायचास. या वेळी तू पुढं होतास, फोटोत. फोटो तुझ्या पदवीदानाचा, काळ्या झग्यातला. ज्या पदवीबद्दल गावात हयातभर कुणाला काही कळलं नाही, तिचा झगा मात्र सगळ्यांना पसंत पडला. सूत्रसंचालकांनी तुला ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे अर्थतज्ज्ञ’ म्हटलं. तुला साधं ‘अर्थतज्ज्ञ’ म्हटलेलंही खपत नसे. ‘मी व्यापाराचा अभ्यास केलेला सरकारी निरोप्या आहे’ असं तू म्हणायचास, पण ते फ्लेक्सवर शोभलं नसतं. मुंबईहून कुणी पाहुणे आले होते. तुझी त्यांची ओळख नव्हती, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि पुढं अर्धा तास तुझ्यावर बोलले. प्रसंग दुःखाचा असल्यामुळं हारतुरे टाळून त्यांचा फक्त शाल देऊन सत्कार झाला. तेवढ्या वेळी मी शेजारच्या खुर्चीकडं वळलो. तिथं एक गृहस्थ मोबाइलवर कापसाचे भाव बघत होते.

आपण भेटलो ते खाण्यावरून. मी मंगळवेढ्याहून सोलापूरला कॉलेजसाठी आलेला हॉस्टेलवाला, दर सोमवारी एसटीतून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन येणारा. तू पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, वर्गात मराठी आणि रिक्षावाल्याशी दखनी बोलणारा. तुला माझी भाकरी हवी असायची आणि मला तुझ्या अम्मांचा चिंचेचा भात. तू त्याला ‘द्विपक्षीय करार’ म्हणायचास. पावसाळी हवेत भाकरी सर्दावली, की मालाचा दर्जा घसरला म्हणून भातात कपात व्हायची. मी भांडायचो, तू ऐकून घ्यायचास आणि मग डब्याच्या तळाशी लपवून ठेवलेला भात वाढायचास. वाटाघाटीत शेवटचा घास राखून ठेवायचा असतो, हे तू कुठलंही पुस्तक न वाचता शिकला होतास.

मग तुझ्या घराखालच्या शेडमधले माग थांबले. तुझ्या वडिलांचा टॉवेल बाहेरच्या एका देशात जायचा, आणि एका हंगामात तो घेणाऱ्यानं घ्यायचंच बंद केलं. टॉवेलात खोट नव्हती. त्या देशानं कर वाढवला होता, आणि का वाढवला हे आपल्या गल्लीत कुणालाही सांगता येईना. वडील म्हणाले, नशीब. व्यंकूदादा, तुझा थोरला भाऊ, म्हणाला, दलालानं फसवलं. तू म्हणालास, कुठल्या तरी खोलीत एका टेबलाभोवती बसून कुणीतरी या कराला हो म्हटलं असणार, आणि टॉवेल कसा विणतात हे माहीत असलेला एकही माणूस त्या टेबलाशी नसणार. विशीतल्या माणसाला असा विचार सुचावा ही वाईट गोष्ट आहे. पुढचं सगळं आयुष्य तू त्या टेबलाच्या शोधात घालवलंस.

गल्लीतली चौकशी मला अजून आठवते. तुला परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा समोरच्या घरातल्या काकू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“काय शिकायला चालला रे नागेश?”

“आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्त, काकू.”

“म्हणजे धंदा काढणार की.”

“धंदा नाही. सरकारच्या धोरणाच्या कामात जायचंय.”

“असं होय. कलेक्टर!”

“कलेक्टर नाही.”

“मग तहसीलदार तरी?”

“तेही नाही.”

काकूंनी तुझ्याकडं आणि मग तुझ्या अम्मांकडं बघितलं. “मग कशाला येवढ्या लांब जायचं?” म्हणाल्या आणि आत गेल्या. अम्मांना त्या दिवशी काकूंचा राग आला होता. नंतर नंतर त्यांचं म्हणणं अम्मांना पटत गेलं असावं.

तिकडून तू फोन करायचास आणि शिकलेलं मला ऐकवायचास. मी मराठीचा मास्तर. मला यातलं काही कळणार नाही, म्हणूनच मला सांगायचं. “मास्तर, तुला कळलं तर आपल्या टॉवेलवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षांना कळेल,” हा तुझा निकष होता, आणि तो दोघांचाही अपमान करणारा होता. बँकेच्या हमीपत्रावर परदेशी व्यापार कसा चालतो हे तू मला लग्नाच्या मध्यस्थांवरून समजावलंस. विकणारा आणि घेणारा यांनी एकमेकांना बघितलेलं नाही. एक म्हणतो आधी पैसे, दुसरा म्हणतो आधी माल. मग दोघांच्या बँका दोन वजनदार आत्यांसारख्या समोरासमोर बसतात आणि कागद तपासतात. कागद जुळले की कार्य उरकायचं. “आणि माल?” मी विचारलं. “माल बँक बघत नाही,” तू म्हणालास, “माल कसा निघाला ते ज्याचं त्यानं नंतर बघायचं. अगदी आपल्याकडच्यासारखं.” तू स्वतः लग्न केलं नाहीस, त्यामागं हा अभ्यास होता की काय, हे विचारायचं राहून गेलं.

तुझ्यामुळं मला पेपराचं ते पान वाचता येतं, जे माझे सहकारी डब्याखाली अंथरतात. रुपया घसरला म्हणजे निर्यात करणारा का हसतो आणि रंग-रसायनं बाहेरून आणणारा तोच माणूस संध्याकाळी का रडतो, हे मला कळतं. त्याचा मला काही उपयोग झालेला नाही. पण कळतं, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, ‘बघ, शिक्षणाचा फायदा झाला की.’ आणि मला तो मुद्दा तुला द्यायचा नव्हता.

कारण आपला वाद तोच होता. मी म्हणायचो, “तुझ्या त्या टेबलावरच्या लोकांना माहिती नको असते, नागेश. त्यांना बाजू हवी असते, आणि बाजू आधीच ठरलेली असते.” तू म्हणायचास, “ठरलेली बाजू मांडायला तरी माहिती लागते की.” मी म्हणायचो, तू त्यांचा गडी होशील. तू म्हणायचास, गडी तर गडी, पण खोलीच्या आत असलेला. दिल्लीत तुला कंत्राटी सल्लागाराची जागा मिळाली तेव्हा तू खोलीच्या दारापर्यंत पोचलास. तू टिपण लिहायचास, दुसरा त्यावर सही करायचा, तिसरा ते वाचून दाखवायचा आणि चौथा त्यासाठी परदेशी जायचा. हे तूच हसत हसत सांगितलंस. माझ्या बाजूचा इतका चांगला पुरावा मला स्वतःला कधी सापडला नव्हता, पण तू तो सांगताना असा खुशीत होतास, की मला तो वापरता आला नाही.

कंत्राट संपलं आणि तू सोलापूरला परत आलास. गावानं ‘मातीच्या ओढीनं परतलेला सुपुत्र’ असा फ्लेक्स लावला. तुला ओढ दिल्लीचीच होती. पण तू फ्लेक्स उतरवला नाहीस. म्हणालास, निदान नाव कळलं लोकांना, आता कामाला लावतो. टॉवेलवाल्यांच्या संघात तू सल्लागार झालास, बहुतेक वेळ फुकट.

मग ती सुनावणी. कुठल्याशा देशाशी व्यापाराचा करार व्हायचा होता आणि त्याआधी कारखानदारांचं म्हणणं ऐकायला दिल्लीची मंडळी गावोगाव फिरत होती. ती सोलापूरला यावीत म्हणून तू किती जणांच्या दारात उभा राहिलास हे मला माहीत आहे, कारण त्यांतल्या काही दारांशी मीही तुझ्याबरोबर उभा होतो. त्यांचं यायचं ठरलं. तू दोन पानांचं निवेदन इंग्रजीत केलंस आणि पुन्हा मराठीत. आपल्या नावानं काय सांगितलं जातंय हे इथल्या लोकांना कळायला हवं, असा तुझा हट्ट. मराठी माझ्याकडून तपासून घेतलंस. मी खोडलेली वाक्यं तू परत घातलीस. मी पुन्हा खोडली. शेवटी जे उरलं ते शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. टॉवेल सोलापुरात विणला, पण त्याचं सूत बाहेरून आलं असेल, तर समोरच्या देशानं तो इथला धरून करात सवलत द्यायची की नाही? विणकाम इथलं असेल तर टॉवेल इथला धरावा, एवढंच मागणं. अर्ध्या पूर्व भागाचं पोट त्या एका वाक्यावर होतं.

त्या दुपारी काय झालं हे मी इथं लिहून ठेवतो, कारण शोकसभेत ते कुणी सांगितलं नाही. दिल्लीच्या अधिकारी बाई वेळेवर आल्या, हा पहिला घोटाळा. आपली मंडळी नव्हती आली. ती आल्यावर दीपप्रज्वलन. पंख्यामुळं वात पेटेना, म्हणून पंखे बंद. पंखे बंद केल्यावर माइक बंद, कारण बटण एकच. मग स्वागतगीत. मग अध्यक्षांनी बाईंना संघाची चादर पांघरली आणि फोटो काढला. इथं थांबता आलं असतं. पण हे सोलापूर. इथं प्रत्येकाची चादर वेगळी, नक्षी वेगळी, शिक्का वेगळा. एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाही, असं कसं चालेल? उपाध्यक्ष उठले, सचिव उठले, माजी अध्यक्ष उठले. माजी अध्यक्षांचे जावई उठले. प्रत्येकाची स्वतंत्र चादर, प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो. उन्हाळ्याचे दिवस, पंखे अजून बंदच, आणि त्या बाई चादरींखाली दिसेनाशा होत चाललेल्या. तू व्यासपीठाच्या कडेला दोन पानं हातात धरून उभा होतास. मी मागून बघत होतो. तुझ्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

शेवटी बाईंनी घड्याळ बघितलं. गाडीची वेळ झाली होती. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, तुमचं काय म्हणणं असेल ते लेखी द्या. तू दिलंस. त्यांच्या बरोबरच्या माणसानं ते घेतलं, हात मोकळे नव्हते म्हणून चादरींच्या घडीत सरकवलं आणि ड्रायव्हरनं सगळा गठ्ठा सुतळीनं आवळून डिकीत टाकला. तू गाडीमागं पळालास. “मॅडम, तेवढे कागद वर काढून ठेवा!” बाईंनी काच खाली केली, गठ्ठ्याकडं बघितलं आणि मनापासून म्हणाल्या, “फारच सुंदर विणकाम आहे हो तुमच्याकडं.” गाडी गेली. अध्यक्ष तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “झकास झाला कार्यक्रम. लई खूश होऊन गेल्या बाई.”

नंतर चहाच्या टपरीवर मी वाट बघत होतो, की आता तू हार मानशील. तुझ्या मांडीवरही एक चादर होती. तुझाही सत्कार झालाच होता. तू चहा संपवलास आणि म्हणालास, “चूक क्रमाची झाली, मास्तर. पुढच्या वेळी आधी निवेदन, मग सत्कार.”

मी म्हणालो, “ते निवेदनासाठी जमलेच नव्हते, नागेश. ते सत्कारासाठीच जमले होते. निवेदन तू मधे घुसवलंस.”

“असेल. पण जमले तर होते की.”

त्या क्षणी तुझा मला इतका राग आला, की मी पैसे न देता निघून गेलो. ते तू दिलेस.

करार झाल्याची बातमी आली. मी ती वाचली आणि तुला फोन केला नाही. आठवडाभरानं तूच केलास. म्हणालास, “सगळा वाचला. पानं पुष्कळ आहेत. आपलं वाक्य नाही त्यात.” मग म्हणालास, “पण शेवटाकडं एक कलम आहे, की काही वर्षांनी सुतावरून परत बोलायचं. जागा ठेवलीय मास्तर.” मी विचारलं, “कुणासाठी ठेवलीय?” तू म्हणालास, “ज्याला ते वाचता येईल, त्याच्यासाठी.” आणि व्यंकूदादानं हाक मारली म्हणून फोन ठेवलास. माझं उत्तर होतं, की ज्याला वाचता येतं त्याला हे गाव चादरी बांधायला बसवतं. चांगलं उत्तर होतं. भेटीत द्यायचं म्हणून राखून ठेवलं, शेवटच्या घासासारखं. त्यानंतर आपली भेट झाली ती तू पांढऱ्या कापडात असताना, आणि ते कापड कुणी विणलं होतं हे मात्र तिथं सगळ्यांना माहीत होतं.

आता रविवारचं सांगतो. तुझे दिवस झाले होते. व्यंकूदादाचा फोन आला, की अम्मांनी बोलावलंय, लावण्याचं बोलायचंय. तुझ्या या पुतणीला दिल्लीत प्रवेश मिळाला होता, तुझ्याच विषयाला. तू असताना तिनं अर्ज केला होता आणि तू गेल्यावर निकाल लागला. फी भरून जागा पक्की करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. घरात कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं.

अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. व्यंकूदादा खुर्चीत. लावण्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला चटईवर मधोमध बसवलं, पंचासारखं.

अम्मा म्हणाल्या, “दिलीप, तू सांग की हिला. माझं ऐकत न्हाय. काय झालं त्याचं शिकून? परदेशी गेला, दिल्लीला गेला, आला ते हितंच. लग्न न्हाय, घर न्हाय. सगळे म्हणत होते, मोठा माणूस, मोठा माणूस. मोठ्या माणसाला बरं न्हाय वाटत हे कुणाला कळलं काय?”

व्यंकूदादा म्हणाला, “सी. ए. कर म्हणतोय मी. हितंच राहून. सोलापुरात काय कमी आहे?”

“तू त्याच्याशी भांडत होतास,” अम्मा मला म्हणाल्या, “ह्या शिक्षणात काय राम न्हाय म्हणून. मी चहा द्यायला यायची तेव्हा ऐकायची. तुझंच बरोबर निघालं, बाबा. तेच सांग तिला.”

नागेश, माझंच बरोबर निघालं होतं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं, आणि म्हणणारी तुझी आई होती. माझे मुद्दे पाठ होते. समोर एक मुलगी होती, जिला ते पटले असते तर ती सुखानं सी. ए. झाली असती, गाडी घेतली असती, सणाला घरी असती. मी तोंड उघडलं आणि त्यातून तुझं बोलणं बाहेर आलं.

मी म्हणालो, “अम्मा, त्याला त्यातून काही मिळालं नाही, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी भरल्या सभागृहात आपला प्रश्न काय आहे हे माहीत असलेला एकच माणूस होता. बाकीच्यांकडं चादरी होत्या. आता तो एकही नाही. काही वर्षांनी दिल्लीची मंडळी परत येतील, सुतावरून बोलायला. आपण दिवा लावू. चादरी पांघरू. मग ते विचारतील, तुमचं म्हणणं काय, आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडं बघू.” मग तुला जे सांगायला हवं होतं ते मी तुझ्या आईला सांगितलं. “मी जन्मभर मराठी शिकवली, पण त्या दोन पानांइतकी स्वच्छ मराठी माझ्या हातून कधी लिहून झाली नाही. त्यानं ती माझ्याकडून तपासून घेतली. मी तपासत नव्हतो अम्मा, मी शिकत होतो, आणि ते त्याला कळू नये म्हणून लाल शाईनं रेघा ओढत होतो.”

बराच वेळ बोललो. तुझ्या बाजूनं बोलणं फार अवघड आहे. दुसऱ्या बाजूला मी असायचो तेव्हा ते सोपं वाटायचं. बोलताना मला दर वाक्याला माझंच उत्तर ऐकू येत होतं आणि ते चांगलं होतं. तरी मी थांबलो नाही. व्यंकूदादा डोळे पुसत होता. अम्मांनी पदर तोंडाशी धरला होता.  शेवटी अम्मा म्हणाल्या, “जाऊ दे तिला.”

आणि व्यंकूदादानं, घरातला कर्ता या नात्यानं, घसा साफ करून लावण्याला सांगितलं, “जा. उद्या फी भरून टाक.”

लावण्या दारातून हलली नाही. “भरली पप्पा,” ती म्हणाली, “मागच्याच आठवड्यात.”

“कशी भरली? कुणाच्या कार्डावरनं?”

कार्ड व्यंकूदादाचं होतं. ओटीपीही त्यानं स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवला होता. त्याला वाटलं, तुझ्या दिवसांच्या मंडपवाल्याचा असेल.